मी विचारलं तरी सांगायचं नाही

नांदेडला आमच्या ऑफिसातला संगणक अधूनमधून नवा पासवर्ड मागतो. तो मागू लागला की आजूबाजूच्या टेबलांवर उसासे सुरू होतात. मी मात्र दिवसाच्या कामांच्या यादीत ‘पासवर्ड बदलणे’ एवढं लिहिते, डोळे मिटते, गालातल्या गालात हसते, चार शब्द टाइप करते आणि यादीतल्या त्या ओळीवर काट मारते. परवा शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी म्हणाली, “मॅडम, पासवर्ड बदलताना तुम्ही हसता का हो?”

म्हटलं, “ते सांगता येत नाही.”

“बरं, मग हे शिकवलं कुणी, ते तरी सांगा.”

ते सांगता येतं.

नांदेडला बदलून येण्याआधी मी लातूरच्या एका कॉलेजात होते. तिथं प्रमिला सोनकांबळे कार्यालयीन अधीक्षक होत्या. मूळच्या मुदखेडच्या, वडील रेल्वेत. लहानपण स्टेशनाला लागून गेलेलं, त्यामुळे गाडी धडधडत जात असतानाही समोरच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायची सवय. ऑफिसात गाडी कुठली यायला, पण आवाज तोच. गोरगरिबांची कामं, सरकारी पत्रव्यवहार, विद्यापीठाची तपासणी, सगळं त्या त्याच आवाजात आणि त्याच उत्साहात करायच्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, पर्समध्ये कायम फुटाण्याची पुडी. विनोद सांगताना त्या स्वतःच अर्ध्यावर हसायला लागायच्या. मग उरलेला अर्धा विनोद कुणाला कधीच कळायचा नाही, तरी सगळे हसायचे.

आमच्या ऑफिसात तेव्हा पासवर्ड ही काही लपवायची गोष्ट नव्हती. “ओ कुलकर्णी, तुमचा काय होता हो, पिंटू एक दोन तीन ना?” असं या टोकापासून त्या टोकापर्यंत विचारलं जायचं, आणि उत्तरही तसंच मिळायचं. मुलाचं नाव, देवाचं नाव, गाडीचा नंबर, यापलीकडे कुणाची मजल नव्हती. प्राचार्य सरांचा पासवर्ड तर कॉलेजचं नाव आणि स्थापनेचं साल असा होता. या दोन्ही गोष्टी कॉलेजच्या कमानीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेल्या होत्या.

मग व्हायचं ते झालं. एका शुक्रवारी संध्याकाळी सरांच्या ईमेलवरून सगळ्यांना निरोप गेला की उद्या तांत्रिक कारणास्तव सुट्टी. शनिवारी कॉलेजात सर आणि सोनकांबळे मॅडम असे दोघंच. पोरं आली नाहीत ते ठीक, पण प्राध्यापकही आले नाहीत. कुणी एकानं फोन करून खात्री केली नाही. कशी करणार? सुट्टीची खात्री करून घेण्याइतका वेडा माणूस आमच्या स्टाफमध्ये नव्हता.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं. “ज्यानं हे केलं त्याला मी दोष देत नाही,” त्या म्हणाल्या. “कमानीवर किल्ली टांगून ठेवल्यावर एखादा दार उघडणारच. आजपासून पासवर्ड नाही. आजपासून वाक्य.”

टेबलावर त्यांनी खारी-बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला. आत चिठ्ठ्या होत्या, हजारांच्या घरात असतील. प्रत्येकीवर एकच शब्द. दर रविवारी त्या मुदखेडला आईकडं जायच्या तेव्हा प्रवासात जे दिसेल ते लिहायच्या. लिंबू, सिग्नल, पोतं, जावई, घोरणं, पितळ, हजामत. त्यातले दोनदा आलेले शब्द काढून टाकायचं काम माझ्याकडं होतं. ‘भजी’ इतक्या वेळा निघाली की मॅडमना प्रवासात फार भूक लागते, एवढं मला नक्की समजलं.

“डोळे मिटून चार चिठ्ठ्या काढायच्या,” मॅडम सांगू लागल्या. “निघतील त्या घ्यायच्या. बदलून मिळणार नाही.”

“आपण आपल्या मनानं शब्द घेतले तर?” मराठीच्या एका सरांनी विचारलं.

“तुमच्या मनातले शब्द तुमच्यासारखेच असतात, सर. तुम्हाला ओळखणारा माणूस ते ओळखतो. डबा कुणाला ओळखत नाही.” मग चष्मा नाकावर चढवून त्या म्हणाल्या, “निघाले चार शब्द, की त्यांचा एक प्रसंग करायचा. असा की डोळ्यासमोर दिसला पाहिजे. वास आला तर आणखी चांगलं. आणि शहाणा प्रसंग करायचा नाही. शहाणपण चोरालाही सुचतं.”

प्राचार्य सर हळूच म्हणाले, “मी एक तयार केलंय. ज्ञान हाच जीवनाचा प्रकाश.”

“सर, हे कमानीवर शोभंल,” मॅडम म्हणाल्या आणि डबा त्यांच्यापुढं सरकवला.

सरांच्या हाताला काय लागलं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून इथं लिहिते. तो पासवर्ड केव्हाच रद्द झाला. उंट, गच्ची, पापड, पेटी. दोन मिनिटं सर भिंतीकडं बघत बसले. मग म्हणाले, “गच्चीवर उंट पापडांवर बसून पेटी वाजवतो.” आणि स्वतःच दचकले. आयुष्यात पहिल्यांदाच असलं काही तोंडून गेलं होतं बहुतेक. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. “आता विसरून दाखवा!”

खरंच, कुणी विसरलं नाही. मॅडम आठवड्यानं अचानक परीक्षा घ्यायच्या, ज्याच्या त्याच्या संगणकावर त्याला लॉगिन करायला लावायच्या, आणि एकजण अडायचा नाही. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारे आमचे कुलकर्णी लेखनिकही धडाधड टाइप करायचे. अडचण निघाली ती दुसरीच.

आमचे शिपाई रशीदभाई एकदा चहाचे कप घेऊन आले ते हसत. कप कपावर आपटत होते. “मॅडम, कैसा बोलूं, हसीच रुकती नहीं. मेरेकू आया नवरदेव, वांगी, पाणबुडी, चुना. तो मैंने बोला, नवरदेव पाणबुडीत बसून वांग्याला चुना लावतो!” सगळं ऑफिस लोळलं. मग कुलकर्णींनी आपलं सांगितलं. त्यावर ग्रंथपालांना राहवलं नाही. दुपारपर्यंत प्रत्येकाचं वाक्य प्रत्येकाला पाठ होतं. प्राचार्यांचा उंट तर त्यांच्या सौभाग्यवतींच्या भिशी मंडळापर्यंत पोचला होता.

सोनकांबळे मॅडम दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. कंबरेवर हात. “अरे, मी तुम्हाला कुलूप दिलं,” त्या गरजल्या, “आणि तुम्ही किल्लीचं कीर्तन करून राहिलात!”

रागावल्या होत्या, पण त्यांनाही रशीदभाईंची पाणबुडी आठवली आणि त्या खुर्चीत बसून पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसताहसताच त्यांचं डोकं चाललं असणार, कारण दुसऱ्या दिवशी नवा नियम आला. प्रसंग मजेशीर हवाच, पण त्यात स्वतः हजर असायचं, आणि असं काहीतरी करत असायचं की ते कुणाला कळलं तर तोंड लपवावं लागेल. “जे मजेशीर असतं ते माणूस सांगतो,” मॅडम म्हणाल्या. “ज्याची लाज वाटते ते तो बायकोलासुद्धा सांगत नाही.”

सगळ्यांनी पुन्हा चिठ्ठ्या काढल्या, या वेळी एकेकट्यानं. आणि ऑफिस गप्प झालं. अशी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. सकाळी जो तो संगणकापुढं बसायचा, इकडंतिकडं बघायचा, लाल व्हायचा आणि टाइप करायचा. प्राचार्यांच्या बंद केबिनमधून रोज सकाळी एकट्या माणसाचं हसू ऐकू यायचं. आधी खुदकन, मग जरा मोठ्यानं, मग खोकला. मग घंटी वाजायची आणि सर गंभीर आवाजात पाणी मागायचे. रशीदभाई पाणी नेऊन ठेवायचे आणि काही न विचारता परत यायचे. विचारायची कुणाची प्राज्ञाच नव्हती.

शेवटचा नियम मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवला होता. मी विचारलं तरी सांगायचं नाही. आणि त्या खरंच विचारायच्या. फाइल देतादेता सहज म्हणायच्या, “काय गं मंगल, तुझ्या त्या वाक्यात बोकड होता ना?” तोंडातून ‘हो’ किंवा ‘नाही’ काहीही गेलं की त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा आपल्या नावावर. मी दोनदा पाजला. कुलकर्णींच्या चहावर तर आम्ही तो उन्हाळा काढला.

जुलैत प्रवेशाची धांदल सुरू झाली. आमच्या कॉलेजात ऑनलाइन प्रवेशाचे अर्ज भरून देण्याची खिडकी होती, आणि ती अर्थातच मॅडमकडं. त्यांनी डबाही खिडकीत नेऊन ठेवला. खेड्यापाड्यातून आलेली माणसं आधी बुजायची. मग चिठ्ठ्या बघून हसायची. मग कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडं तोंड करून ओठ हलवायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं इथं कुणी नवस बोलतंय.

त्यातच एक दिवस शिरूर अनंतपाळकडचे बळीराम बिराजदार आले. डोक्याला रुमाल, हातात कागदांची पिशवी. पोरगी ऋतुजा नांदेडला मावशीकडं राहून शिकत होती, तिचा नर्सिंगचा अर्ज भरायचा होता. मागच्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता, म्हणून वर्षभर तिनं पुन्हा मान मोडून अभ्यास केला होता. तिच्या क्लासची परीक्षा चालू होती, म्हणून बाप एकटाच आला होता. त्यांनी चार चिठ्ठ्या काढल्या, कोपऱ्यात गेले आणि बऱ्याच वेळानं कानापर्यंत लाल होऊन आले.

“झालं का अण्णा?”

“झालं. पर लई वंगाळ झालंय, बाई.”

“मग उत्तम! कुणाला सांगायचं नाही. मी विचारलं तरी सांगायचं नाही. कबूल?”

“हाव. मेलो तरी न्हाई सांगनार.”

ऋतुजाला नांदेडच्याच एका कॉलेजात जागा मिळाली. ती पक्की करण्याच्या शेवटच्या दिवशी पोरगी दुपारी कागद घेऊन आमच्या खिडकीत आली. पाचला संकेतस्थळ बंद होणार होतं, आणि जागा पक्की केली नाही तर ती यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. मॅडम म्हणाल्या, “टाक बाई तुझं वाक्य.”

“कोणतं वाक्य?” ऋतुजा म्हणाली.

मॅडमचा हात फुटाण्यांत होता, तो तिथंच थांबला. वाक्य बापाजवळ होतं. लेकीचं खातं, लेकीचं वाक्य, ते लेकीनंच करायला हवं होतं. इतक्या नियमांत हा एवढा साधा नियम मॅडमच्या हातून राहून गेला होता. संकेतस्थळ नवा पासवर्ड द्यायला तयार होतं, पण तो ज्या ईमेलवर जाणार ते गावाकडच्या एका नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेलं, त्याचा पासवर्ड त्याच्याचपाशी, आणि तो दुकान बंद करून केव्हाच पुण्याला गेलेला.

“काही नाही, अण्णांना फोन लाव,” मॅडम म्हणाल्या. ऋतुजानं फोन लावून तो मोठ्यानं ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. बिराजदार अण्णा सोयाबीनच्या रानात होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “न्हाई सांगत.”

“अण्णा, मी ऋतुजा बोलतेय!”

“ऋतुजाच कशावरून? आमच्या गावात एकाला असाच फोन आला व्हता. आवाज भावाचा, आन् मानूस भलताच.”

“अण्णा, आपल्या गाईचं नाव कपिली! मावशीचं नाव सुरेखा!”

“ते तर सगळ्या गावाला म्हाईत हाय.”

मॅडमनी फोन हातात घेतला. “बिराजदार अण्णा, मी सोनकांबळे. वाक्य सांगा पटकन, पोरीची जागा जाईल.”

पलीकडून अण्णांचा समाधानी आवाज आला, “हां! तुम्ही म्हनलाच व्हता. मी इचारलं तरी सांगायचं न्हाई.”

“अहो, ते खरं, पण आता मी खरंच विचारतेय!”

“खरं इचारनारा आनि खोटं इचारनारा फोनवर कसा वळखावा, बाई?”

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आजवर इतक्या माणसांना शिकवलं, पण इतका पक्का विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. “शाबास,” त्या पुटपुटल्या, आणि लगेच ओरडल्या, “अहो शाबास कसलं, इथं पोरीचं वर्ष चाललंय! असं करा, तुम्हीच या. येता का?”

“निगालो,” अण्णा म्हणाले आणि फोन बंद.

मग जो वेळ गेला तो मला नको झाला. ऋतुजा खिडकीपाशी उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. मी तिचे कागद पुन्हापुन्हा क्रमानं लावत होते, कारण मला दुसरं काही येत नाही. मॅडम मात्र फाटकापर्यंत जाऊन येत होत्या, पुन्हा जात होत्या. मध्येच माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “मंगल, या पोरीची जागा गेली ना, तर तो डबा मी स्वतः चुलीत घालीन.” त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

पाच वाजायला थोडा वेळ उरला असताना टोमॅटोचे क्रेट भरलेला एक टेम्पो फाटकात थांबला. पुढच्या सीटवरून अण्णा उतरले. चिखलाचे पाय, हातात तसंच खुरपं. धावत आत आले, मॅडमसमोर थांबले, त्यांना डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “हाव. तुम्हीच हाव.”

“मग आता तरी सांगा!”

“न्हाई. मी सोता टाकनार. तुम्ही समदे भिताडाकडं तोंड करा.”

आम्ही केलं. मी, मॅडम, रशीदभाई, कुलकर्णी, गलका ऐकून बाहेर आलेले प्राचार्य सर, आणि ऋतुजासुद्धा. “तू बी, ऋतू. तू तर आदी.” सगळे भिंतीकडं बघत रांगेत उभे. माझ्या नाकासमोर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं.

मागं एकेक बटण दाबल्याचा आवाज. टक. टक. मग अण्णा म्हणाले, “तांबडं काय तरी आलं.”

“चुकलं,” मॅडम भिंतीला म्हणाल्या. “तीनदा चुकलं की कुलूप पडतं. सावकाश.”

पुन्हा टक टक. पुन्हा तांबडं. ऋतुजानं माझा हात धरला.

“अण्णा, ऐका,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बदलला होता, लहान मुलाला झोपवताना काढावा तसा. “शब्द आठवू नका. प्रसंग आठवा. डोळे मिटा. दिसतंय का?”

“दिसतंय.”

“कोण आधी आलं?”

“सास... न्हाई सांगत!”

“सांगू नका, सांगू नका! नुसतं बघा. जसं घडलं, तसं टाका.”

खुर्ची करकरली. कुणीतरी काहीतरी डोक्यावर घेतल्यासारखी हालचाल भिंतीवरच्या सावलीत दिसली. मग घोडा हाकल्यासारखा “हुर्र” असा दबलेला आवाज, त्यामागून एक फुसकं हसू. ते वाढत गेलं. अण्णा एकटेच हसत होते आणि हसताहसता टाइप करत होते. हसू असं पसरणारं की भिंतीकडं तोंड करून आम्हीही हलू लागलो. कुलकर्णींनी कपाळ भिंतीला टेकवलं.

“हिरवं!” अण्णा ओरडले. “हिरवं आलं की ओ!”

ऋतुजा उडी मारून संगणकाशी गेली. मी कागद एकामागून एक तिच्यापुढं ठेवत गेले, आणि पाचच्या आत ‘जागा निश्चित झाली’ अशी ओळ पडद्यावर आली. पोरगी बापाच्या चिखलाच्या सदऱ्यात तोंड घालून रडली, हसली. मॅडमनी आधी तिला डब्यापुढं बसवलं, चार चिठ्ठ्या काढायला लावल्या, कोपऱ्यात पाठवलं, आणि जुनं वाक्य बदलून नवं टाकून घेतलं. मगच त्या खुर्चीत बसल्या आणि चष्म्यावरचं पाणी पुसलं.

अण्णा त्यांच्यासमोर उभे होते. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेली गोष्ट आता त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हती.

“बाई, आता तर ते बदललं न्हवं? मग आता सांगायला काय हरकत? तुम्हालाच सांगतो, लई भारी हाय.”

मॅडम मोहात पडल्या. मी पाहिलं, डोळे चमकले होते. त्या पुढं झुकल्याही. पण माणूस शेवटी आपल्या नियमांचा. “थांबा. हेच वाक्य आणखी कुठं लावलंय का?”

“हाव की. बँकेच्या मोबाइलला बी तेच हाय.”

मॅडम किंचाळल्या. “नका! एक अक्षर बोलू नका!” दोन्ही कानांत बोटं घालून त्या उठल्याच. पण अण्णांचा बांध फुटला होता. त्यांनी सुरुवात केली, “तर त्ये आमचे सासरे—” आणि मॅडम खोलीबाहेर पळाल्या.

पुढच्याच आठवड्यात माझी बदलीची ऑर्डर आली. महिनाअखेर मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा मी नांदेडला होते. त्यामुळे माझ्याजवळ मॅडमची शेवटची आठवण आहे ती त्या दुपारचीच. लांबलचक कॉरिडॉर. कानांत बोटं, दोरीला लटकलेला चष्मा पाठीवर उडतोय, फुटाणे मागं सांडत चाललेत. प्राचार्य सर बाजूला होऊन भिंतीला चिकटलेले. मॅडम मुदखेडच्या सगळ्या गाड्या बुडतील एवढ्या आवाजात पाढे म्हणत पळताहेत, सत्तावीस एके सत्तावीस, सत्तावीस दुणे चोपन्न, आणि मागं हातात खुरपं घेऊन बिराजदार अण्णा गयावया करत धावताहेत, “अवं बाई! थांबा की! सगळं नगं, निदान म्हशीपतुर तरी ऐका!”